शेवंतीने शिकवलेली ओंजळ

विलेपार्ल्याच्या त्या शाळेत शिक्षिका चार होत्या, पण मुलं शिकायची ती शेवंती गायकवाडकडून. हजेरीपटावर तिच्या नावापुढं 'आया' लिहिलेलं होतं. मुलांना संडासला न्यायचं, लाळ पुसायची, भरवायचं, कुणी पडलं-झडलं तर उचलायचं, एवढंच तिचं काम. शाळा मतिमंद मुलांची. एका जुन्या बंगल्याचा तळमजला, तीन खोल्या आणि मागं पडवी. दुपारी वारा फिरला की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास पडवीत शिरायचा आणि झाडून सगळी मुलं खिडकीकडं तोंड करून बसायची. मग शिक्षिकांचं कोण ऐकतंय.

बाहेरचे लोक म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. मुलांचे सख्खे काका-मामासुद्धा म्हणायचे. शेवंतीला त्याचं हसू यायचं. मुख्याध्यापिका सुलक्षणाबाईंनी तिला एक युक्ती दिली होती. कुठलंही काम बारीक चिरायचं, भेंडी चिरतात तसं. चप्पल घालणं म्हणजे नऊ पायऱ्या. एका वेळी एकच पायरी, तीही शेवटची आधी, तिच्या अलीकडच्या आपण करून द्यायच्या. जमली की बिस्किटाचा तुकडा आणि "शाबास". नाही जमली तर रागवायचं नाही, उद्या पुन्हा. शिक्षिकांना ही युक्ती पाठ होती, शेवंतीला ती साधली होती. दशरथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तिनं चार महिन्यांत शर्टाची बटणं लावायला शिकवली, तेव्हा त्याचा बाप पडवीत भिंतीकडं तोंड करून रडला होता.

सुलक्षणाबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आपण दहा गोष्टी शिकतो आणि आठ विसरतो. आमची मुलं एक शिकतात, पण ती मरेपर्यंत विसरत नाहीत." पाहुणे माना डोलवायचे. शेवंतीही दाराआडून ऐकायची आणि तिला बरं वाटायचं.

शेवंतीचं एक गुपित होतं. ती मूळची सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. नोकरी मागायला आली तेव्हा कमिटीवरच्या एका बाईंनी विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे मराठेच ना तुम्ही?" शेवंती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. नुसती हसली, आणि त्या हसण्यावर तिला नोकरी लागली. त्याआधी ती अंधेरीला एका घरी स्वयंपाक करायची. ही बौद्ध आहे असं तिथं कळलं आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही. आत रेडिओ चालू होता. नवरा वारलेला, पदरात लेक मीरा. तेव्हापासून शेवंतीनं तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. दर सहा डिसेंबरला बाबासाहेबांना वंदन करायला दादरला जायचं असलं की शाळेत तिचं पोट दुखायचं. दर वर्षी न चुकता दुखायचं, पण कुणाला संशय आला नाही.

आला तो एकट्या द्रौपदीला. द्रौपदी शाळेचे संडास धुवायची. तिची जात लोकांनी तिच्या झाडूवरूनच ठरवून टाकली होती, विचारायचेही कष्ट घेतले नव्हते. तिनं एका सहा डिसेंबरला शेवंतीला दादरच्या रांगेत पाहिलं, मीरेचा हात धरून उभी असलेली. नजरानजर झाली. दुसऱ्या दिवशी द्रौपदीनं शाळेत विचारलं, "पोट बरं हाय का ताई आता?" आणि बादली उचलून निघून गेली. पुन्हा त्या गोष्टीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

शकू ही या द्रौपदीची मुलगी. चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये शाळेत आली तेव्हा अकरा वर्षांची होती. आठ-दहा शब्द बोलायची, त्यातला लाडका शब्द "दे". तोवर द्रौपदी कामाला निघताना तिला दोरीनं खाटेला बांधून ठेवायची, कारण मोकळी सोडली की पोर थेट रस्त्यावर जायची. घोट्यावर दोरीचा काळा वळ होता. सुलक्षणाबाईंनी तो वळ पाहिला आणि कमिटीला न विचारता नाव दाखल करून घेतलं. बाई चांगल्याच होत्या हो. चांगल्या माणसांची हीच तर पंचाईत असते, ती निम्म्या वाटेपर्यंतच चांगली असतात.

तिसऱ्याच दिवशी गडबड झाली. पडवीत तिवईवर पाण्याचा माठ होता, त्यावर झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. शकूला तहान लागली. तिनं झाकण काढलं आणि पेला हातासकट माठात बुडवला. स्वयंपाकीण कुंदा मालवणची. तिनं ते पाहिलं आणि ओगराळ्याचा दांडा शकूच्या मनगटावर हाणला. सगळा माठ अंगणात ओतून टाकला. जेवणाला तासभर उशीर झाला.

"गो शेवंते," कुंदा म्हणाली, "त्या चेडवाक, शकूक, माठाकडे येवक दिव नको. लाळ गळता तिची."

लाळ. शाळेत तीसेक मुलं होती, त्यातल्या बारा जणांची लाळ गळायची. एका कारखानदाराच्या मुलाची तर इतकी, की दिवसातून तीन सदरे बदलावे लागायचे. त्यानं माठात हात घातला की कुंदा "अरे सोन्या" म्हणायची. पण पडवीतल्या प्रत्येकानं लाळ हाच शब्द धरला, कारण तो तोंडातून काढायला सोपा होता. कमिटीच्या बाई आल्या, त्या म्हणाल्या, "आरोग्याचा प्रश्न आहे." शकूनं पेल्याला हात लावायचा नाही, तिला कुंदा वरून पाणी घालेल, असं ठरलं. सुलक्षणाबाई टेबलावरचा कागद सरळ करत बसल्या. तो कागद आधीच सरळ होता.

शकूला यातलं काय कळणार. तहान लागली की ती माठाकडं जायची, आणि गेली की दांडा बसायचा. पंधरा दिवसांत मनगट सुजलं. कमिटीच्या बाई म्हणाल्या, "एवढंही शिकता येत नसेल तर मुलीला घरीच ठेवलेलं बरं."

त्या संध्याकाळी द्रौपदी शेवंतीजवळ आली. हात ओले होते, ते पदराला पुसत उभी राहिली.

"ताई, तुमच्या हाताला गुण हाय. तुम्ही शिकवा तिला."

"काय शिकवू?" शेवंतीनं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"कसं प्यायचं ते. न्हाईतर पुन्यांदा दोरी हाय आन् खाट हाय." द्रौपदीनं मान खाली घातली. "तुमाला म्हाईत हाय ताई, कसं ते."

शेवंतीला खरंच माहीत होतं. बटणाच्या पायऱ्या सुलक्षणाबाईंनी सांगितल्या होत्या, या कुणी सांगाव्या लागल्या नाहीत. लहानपणी गावच्या पाटलाच्या दारात तिनं आजीला पाणी पिताना पाहिलं होतं. उंबऱ्यापासून किती मागं सरायचं, कसं उकिडवं बसायचं, मान कुठवर खाली घालायची, ओंजळ तोंडाला कशी लावायची, वरून पडेल तेवढंच प्यायचं, कशालाही हात लागणार नाही असं उठायचं आणि शेवटी हात लुगड्याला पुसायचे. एकूण सात पायऱ्या भरल्या.

तिनं नाही म्हणायला हवं होतं. ही लाळ नाही, ही जात आहे, असं सुलक्षणाबाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं. पण मग पहिला प्रश्न आला असता, तुम्हाला का एवढं लागलं शेवंतीबाई? त्या प्रश्नाच्या पलीकडं तिला अंधेरीचं बंद दार दिसत होतं, आणि मीरेची शाळा, आणि चूल. ती घाबरली. दुसरं काही कारण नव्हतं आणि तिनंही स्वतःला कधी दुसरं कारण सांगितलं नाही.

सात आठवडे तिनं शकूला शिकवलं. शेवटची पायरी आधी, हात फ्रॉकला पुसायचे. मग ओंजळ. मग मान. शकूला तो खेळ वाटायचा, ती उकिडवी बसल्या बसल्या हसायची. पुढची पायरी घ्यायच्या आधी ती शेवंतीकडं बघायची. शेवंतीनं मान हलवली की पायरी घ्यायची. सगळं झालं की उजवा हात पुढं करायची, "दे." बिस्किटाचा तुकडा मिळायचा आणि "शाबास शकू". आठव्या आठवड्यात दांडा थांबला. सुलक्षणाबाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'सूचना उत्तम पाळते.' द्रौपदीनं शेवंतीचे पाय धरले. शेवंती पाय ओढून घेऊन मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

दोनेक वर्षं गेली. शकू बटणं लावायला लागली, केस विंचरायला लागली, कागदाची पाकिटं अशी चिकटवायची की कडेला खळीचा ठिपका दिसायचा नाही. शाळेत चौदा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवायचे. त्यापुढं गोरेगावला मोठ्या मुलांची एक कार्यशाळा होती. मुलं दिवसभर पाकिटं आणि मेणबत्त्या करत. तिथं घ्यायची अट एकच, मुलाला आपलं आपण खाता-पिता आलं पाहिजे. कार्यशाळेत जागा मिळाली तर शकूचा जन्म मार्गी लागणार होता. नाही मिळाली तर दोरी.

त्याच सुमारास सुलक्षणाबाई हैदराबादला महिनाभराच्या शिबिराला गेल्या आणि परत आल्या त्या पेटून आल्या. "आपल्या शाळेत कुठल्याही मुलाला वेगळं वागवायचं नाही. उद्यापासून एक माठ, सगळ्यांना सारखे पेले." कुंदा दोन दिवस पातेली आपटत राहिली. कमिटीच्या बाईंनी येणं कमी केलं. भिंतीवर सुंदर अक्षरात सूचना लागली आणि सुलक्षणाबाईंना वाटलं, झालं.

पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांबरोबर शकूलाही ॲल्युमिनियमचा नवा कोरा पेला मिळाला. तिनं तो जमिनीवर ठेवला, मागं सरली, उकिडवी बसली आणि ओंजळ धरली.

"अगं घे की पेला, तुझाच आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. शकूनं ओंजळ आणखी वर धरली.

प्रेमाताई म्हणजे कार्यशाळेच्या बाई, त्या मुलांना बघायला येणार होत्या. हातात पाच आठवडे होते. शेवंती आता उलट्या पायऱ्या शिकवायला बसली. तिनं शकूच्या बोटांत पेला दिला, वरून आपली बोटं धरली. शकूनं हिसडा देऊन हात काढला आणि मनगट पोटाशी दाबून धरलं, दांड्याची जागा. बिस्किटाचे तुकडे झाले, अख्खी बिस्किटं झाली. शेवंती स्वतः माठातून प्यायली, पुन्हा प्यायली, शकू कौतुकानं बघत राहिली आणि आपली पाळी आली तशी तीन फरशा मागं गेली. चौथ्या आठवड्यात शेवंतीनं मन घट्ट केलं. ओंजळीत पाणी घालायचंच नाही. तहान लागेल, मग घेईल. सकाळपासून दुपारचे तीन वाजले. एप्रिलचं ऊन. पोर ओंजळ धरून बसलेली, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि शेवंती तीन फरशांवर ओगराळं घेऊन उभी. शेवटी द्रौपदी झाडू टाकून आत आली, तिनं शेवंतीच्या हातातलं ओगराळं घेतलं आणि लेकीच्या ओंजळीत पाणी ओतलं.

सुलक्षणाबाई पाहुण्यांना जे सांगायच्या, की ही मुलं विसरत नाहीत, ते आता शेवंतीच्या अंगावर आलं होतं. तिनंच शिकवलं होतं आणि फार चांगलं शिकवलं होतं. एखादी अर्धवट आया असती तर पोर विसरलीही असती.

पाचव्या आठवड्यात एकदा, एकदाच, शकूनं ओगराळ्याच्या दांड्याला बोट लावलं. शेवंतीनं तेवढ्यावर देव पाण्यात घालून बसावं तशी आशा धरली.

प्रेमाताई आल्या. सुटसुटीत बाई, खांद्याला पिशवी, बोलणं तोडून. द्रौपदी धुतलेलं लुगडं नेसून दाराशी उभी होती. शकूनं बटणं लावली, केस विंचरले, सहा पाकिटं चिकटवली. प्रेमाताईंनी एक पाकीट उजेडात धरून पाहिलं. "झकास. आमच्या जुन्या मुलांना जमत नाही असं." मग सहज म्हणाल्या, "आता पाणी पिऊन ये, आणि मलाही आण एक पेला."

शकू माठाजवळ गेली. तिनं झाकण काढलं. ओगराळ्याकडं हात नेला, दांडा बोटांत धरला. मग तिनं मान वळवून शेवंतीकडं पाहिलं.

शेवंतीनं मान हलवली. घे, असं तिला म्हणायचं होतं. पण ही तीच मान होती, सात आठवडे हललेली.

शकूनं दांडा सोडला. तीन फरशा मागं गेली. उकिडवी बसली, मान खाली घातली, ओंजळ तोंडाशी धरली.

प्रेमाताईंनी आधी शकूकडं पाहिलं, मग माठाकडं. "हे हिला कोणी शिकवलं?" त्यांनी हळू विचारलं.

कुंदा पाठ करून ताटं पुसू लागली. सुलक्षणाबाईंचा चेहरा लाल झाला. भिंतीवरच्या सूचनेकडं बघत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असं काही नाही. घरचं वळण असेल."

प्रेमाताई द्रौपदीकडं वळल्या. द्रौपदीनं शेवंतीकडं पाहिलं, क्षणभरच. आणि म्हणाली, "व्हय बाई. घरचंच हाय."

शेवंतीला वाटलं, फरशी दुभंगली तर बरं होईल. लेकीची जागा जात होती तरी या बाईनं दोष स्वतःवर घेतला, पण शेवंतीचं कुलूप उघडलं नाही.

"घरचं नाही," शेवंती म्हणाली. "मी शिकवलं. सात आठवडे लागले. माझी आजी अशीच प्यायची, म्हणून मला येत होतं. मी बौद्ध आहे. लाळेचं कारण खोटं होतं, ते इथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण शिकवलं मी."

शकू उठली. पाणी मिळालं नव्हतं, पण पायऱ्या सगळ्या बरोबर झाल्या होत्या. तिनं हात फ्रॉकला पुसले, शेवंतीजवळ आली आणि उजवा हात पुढं केला.

"दे," ती हसून म्हणाली.

कार्यशाळेत शकूला घेतलं नाही. प्रेमाताईंचे डोळे भरून आले होते, पण कागदावर जे लिहायचं ते त्यांनी लिहिलं, 'पाणी स्वतः घेत नाही.' सुलक्षणाबाई दोन दिवसांनी शेवंतीला म्हणाल्या, "तुम्ही जायची गरज नाही." पण म्हणताना त्या कागदच सरळ करत होत्या. शेवंती गेली. कुणाला घाबरून नाही. दुसऱ्या पोराला हात लावायचा तिचा धीर सुटला होता.

आता एकोणनव्वद साल आहे. शेवंती गोरेगावला आपल्या खोलीत उदबत्त्या वळते. द्रौपदी कामाला जाताना शकूला तिच्याकडं सोडून जाते. दोरी नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं. शकू सोळा वर्षांची आहे. उंच झाली आहे. खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि कोपऱ्यात तिवईवर माठ.

तीन वर्षं शेवंती रोज प्रयत्न करत होती आणि रोज ओंजळ पुढं येत होती. गेल्या उन्हाळ्यात एकदा ती उदबत्तीचा ओला मसाला आणायला बाहेर गेली आणि दारातून परतली, तर शकू माठाजवळ उभी. हातात पेला. काठोकाठ भरलेला, तोंडाला लावलेला, घटाघटा पीत होती, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. शेवंतीचा पाय उंबऱ्यावर वाजला. शकूनं दचकून पाहिलं, पेला खाली ठेवला, मागं सरली आणि ओंजळ धरून बसली.

तिला पेला येतो. फक्त शेवंती समोर नसावी लागते.

म्हणून आता दुपारी बाराला आणि तीनला शेवंती हातातलं काम ठेवते आणि बाहेर गल्लीत जाऊन दाराकडं पाठ करून उन्हात उभी राहते. शेजारणी विचारतात, आत काय झालं गं? ती ओठांवर बोट ठेवते. आतून झाकण सरकल्याचा आवाज येतो, मग ओगराळ्याचा, मग पेला ठेवल्याचा. तो पेला ठेवल्याचा आवाज आला की मगच ती आत जाते.